रुखमाबाईची शपथ

सिंदेवाही
६ जानेवारी २०२५

चि. हरिदास यास,
बाईचा सप्रेम जयभीम. वि. वि. धान घरात आलं, सारे खुशाल आहेत, माझे गुडघे तेवढे कुरकुरतात.

आपल्या संघप्रियाचं लग्न जमलं. १६ फेब्रुवारी, सकाळी साडेअकरा. पोरगा प्रफुल, गोंडपिपरीचा, शाळेत मास्तर आहे. माझ्या पोरीचा मामा म्हणून तुले यावंच लागते. पण माझी शपथ कायम आहे. तू माझ्या लग्नात गातो म्हणाला आन् त्याच दिवशी नाटक कंपनीच्या गाडीत बसून पळाला. तेव्हाच मी म्हटलं होतं, तुझा आवाज जन्मात ऐकणार नाई. चोवीस वर्षं झाली. म्हणून तर फोन असून पत्रं लिहीत बसतो आपण.

मामानंच गावं म्हणून पोरगी हट्ट धरून बसली. मी नाई म्हटलं. ये, पोटभर जेव, तोंड बंद ठेव.

रागासकट माया करणारी,
रुखमाबाई


वडसा
१५ जानेवारी २०२५

ती. बाईस,
हरीचा सविनय जयभीम. पत्र वाचून तालमीतच नाचलो. भाऊले काय झालं म्हणून सारे विचारून राह्यले.

यंदा आमचं नाटक आईनं टुरिंग टॉकीजमधे पाहिलेल्या जुन्या सिनेमासारखं आहे. मी गाणारा भाऊ. शेवटच्या अंकात मी गातो आन् हरवलेली बहीण आवाज ओळखून धावत येते. लोकं रडतात. मीबी रडतो, पण मले तू आठवते. साऱ्या मुलखानं ऐकलं, तूच एक नाई ऐकलं. हे लय सलते बाई.

लग्नाच्या दिवशी रात्री जिवती गावाले प्रयोग आहे, जेवून निघीन. तुझ्या मांडवात एक शब्द काढणार नाई. एकदा शब्द मोडला, आता नाई मोडत.

गुडघ्याले तेल लाव. लहान भावावर लोभ असू दे,
हरी


सिंदेवाही
१८ फेब्रुवारी २०२५

अरे लबाडा हरी,
बाईचा जयभीम. तू जेवून पळाला, म्हणून राह्यलेलं लिहितो.

तोंड बंद ठेव म्हटलं, म्हणून इतकं? भात पाहिजे तर हात हलवे, पाणी पाहिजे तर अंगठा दाखवे! प्रफुलची आत्या बायांत हळहळत होती, मामा बिचारा जन्माचाच मुका दिसते. वरून दया म्हणून तुझ्या ताटात दोन जिलेब्या जास्तीच्या वाढायला लावल्या तिनं. माझं डोकंच फिरलं. ज्याच्या गाण्याले साऱ्या झाडीपट्टीत वन्समोर पडते, तो माझा भाऊ मुका? म्हणून मी तशी धावत आली आन् साऱ्या पंगतीसमोर तुझ्यावर ओरडली, की ऊठ आन् गा. गुडघे आहेत हेबी विसरली.

तू पहिली ओळ काढली आन् मी पंगतीतच बसून ऐकू लागली. हरी, पळाला तेव्हा तुझा आवाज फुटलाबी नव्हता, आता तर तो हुबेहूब आपल्या बाबाचा आहे रे. बाबाले जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतके दिवस तो आवाज वडश्यात होता आन् मी इथी कान बंद करून बसली. मले कोणी सांगितलं काऊन नाई?

मागच्या बाजूले फोन नंबर लिहिला आहे. आता पत्र पाठवशील तर खबरदार. सकाळी भात शिजेपर्यंत मी मोकळीच असतो. गाणं मागाहून. आधी फक्त बाई म्हणून हाक मार.

फोनजवळ बसलेली,
तुझी बाई