सासूचं स्वप्न आणि सोन्याच्या पिसांचा गरुड

अण्णा, आज दुपारी मी चार शिकल्यासवरल्या माणसांसमोर तुमचं ठाण्यातलं काम सांगितलं, आणि सांगताना आवाज खाली आणला नाही. शाळेत कुणी वडील काय करतात विचारलं की मी ‘सरकारी नोकरी’ एवढंच पुटपुटायची. तुम्ही ठाण्याचे रायटर हवालदार, लोकांचे जबाब आणि पंचनामे लिहून घेणारे, हे सांगायची मला लाज वाटायची आणि ते तुम्हाला कळत होतं. म्हणून आजची बातमी आधी तुम्हाला.

पन्नाशी उलटल्यावर तुमची मुलगी पुन्हा शिकायला लागली आहे. इथे परदेशात, क्लेटनला, आमच्या घरापासून युनिव्हर्सिटी चालत वीस मिनिटांवर. आठवड्याचे चार दिवस मी चष्म्याच्या दुकानात काउंटरला उभी असते, उरलेल्या वेळात इतिहास. विषय सांगितला तर तुम्ही कपाळाला हात लावाल. साडेसातशे वर्षांपूर्वीचा एक आर्मेनियन धर्मगुरू, मठात बसून आपल्या काळाची बखर लिहिणारा. मंगोलांनी त्याचा मुलूख तुडवला, आणि त्यांचा पहिला खान वर कसा आला ते हा लिहितो. आर्मेनियन मला येत नाही, इंग्रजी भाषांतरावरच सगळी भिस्त.

तो सांगतो, ही माणसं फार गरीब होती, हालाखीला कंटाळली आणि त्यांनी देवाचा धावा केला. तेव्हा सोन्याच्या पिसांचा गरुड होऊन देवदूत आला. तो त्यांच्या म्होरक्याशी त्यांच्याच भाषेत बोलला, चोरी करू नका, खोटी साक्ष देऊ नका, म्हाताऱ्यांचा मान राखा असे नियम दिले. मग त्यांच्या हाती देश आले. आणि हाच धर्मगुरू त्याच लोकांचं वर्णन करताना म्हणतो की डोकं म्हशीसारखं, नाक मांजरासारखं. तुम्ही असता तर पेन टेबलावर आपटून म्हणाला असता, ‘अशा वर्णनावर फरारी सापडेल का?’

हा लेखक विश्वासाचा आहे, हे माझं म्हणणं माझ्या मार्गदर्शक बाईंना पटत नव्हतं. त्यांच्या मते त्याच्या राजाने पुढे मंगोलांशी हातमिळवणी केली, त्यामुळे गरुडाची गोष्ट म्हणजे सरळ खुशामत. नाहीतर माणूस भोळा. आज चौघांच्या समितीसमोर मला माझं म्हणणं मांडायचं होतं. ते टिकलं नाही तर विषय सोडायचा. या वयात दुसरा विषय घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची ताकद माझ्यात नव्हती, म्हणजे शिक्षणच सोडायचं. सकाळी लेक म्हणाली, “आई, यू आर ओव्हरथिंकिंग इट. जस्ट टेल देम व्हॉट यू टोल्ड मी.” तिला मी त्या बैलाच्या चोरीची गोष्ट सांगितली होती.

तो रविवार मला अजून दिसतो. आपल्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात आई ज्वारी निवडते आहे, तुम्ही पाटावर बसून मांडीवर फळी घेतली आहे, कागदांमध्ये तीन कार्बन. कच्चा जबाब मी मोठ्याने वाचते आणि तुम्ही पक्का लिहिता. मी अकरा वर्षांची, वर्गात पहिली येणारी आणि त्याची पुरेपूर घमेंड असणारी. जबाब एका बाईचा, तिचा बैल गोठ्यातून चोरीला गेला होता. तिने सांगितलं होतं की चोरीच्या आदल्या रात्री तिची मेलेली सासू स्वप्नात आली आणि म्हणाली, बैलाचं दावं बदल. ते वाक्य तुमच्या पक्क्या प्रतीत आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ठाण्यात तो जबाब तिला वाचून दाखवलात. वाचून दाखवल्याशिवाय आणि ‘माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ हे जबाबाचं शेवटचं वाक्य ऐकवल्याशिवाय तुम्ही कधी कुणाचा अंगठा घेतला नाही. बाईने अंगठा मागे घेतला आणि विचारलं, “ह्यात माजी सासू कुटं गेली?” फौजदार साहेबांनी तुम्हाला सगळ्यांदेखत झापलं. तुम्ही म्हणालात, चूक माझी, साहेब. मग पुन्हा सगळी पानं, पुन्हा तीन कार्बन. हे आम्हाला तुमच्याबरोबरच्या शिपायाकडून कळलं. घरी आल्यावर तुम्ही मला समोर बसवलंत. ओरडला नाहीत. म्हणालात, “सासू स्वप्नात आली, असं आपण म्हणत नाही. आली असं ती बाई सांगते. जबाब तिचा आहे. त्यातलं आपल्याला न पटणारं काढायला लागलो तर तो आपला जबाब होईल.” मी मान हलवली. तुम्ही जेवायला बसलात आणि विषय तिथेच संपला.

आज समितीतले एक गृहस्थ म्हणाले, “बट ही बिलीव्ह्ड इट, डिडन्ट ही?” मी पुस्तक उघडून बोट ठेवलं. तो धर्मगुरू लिहितो की हे आम्ही त्यांच्याकडूनच ऐकलं. म्हटलं, हा त्यांचा जबाब आहे. ज्यांनी त्याचं घरदार उजाड केलं, त्यांची बाजू त्याने गरुडासकट उतरवून घेतली. म्हशीचं डोकं आणि मांजराचं नाक ही त्याची स्वतःची भीती, तिथे त्याचा हात घसरला. पण गरुड त्याने गाळला नाही. गाळणं किती सोपं होतं. मग बाईंनी विचारलं, ही वाचायची पद्धत कुठल्या विद्वानाची, संदर्भ दे. मी म्हणाले, माझ्या वडिलांची. ते पोलीस हवालदार होते, लोकांचे जबाब लिहायचे. चौघांनी ते लिहून घेतलं, अण्णा. त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवा असं म्हणायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

विषय मंजूर झाला. बाई दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “तुझ्या वडिलांबद्दल प्रस्तावनेत लिही.” घरी लेकीने विचारलं, “सो आजोबा वॉज बेसिकली अ हिस्टोरियन?” मी म्हटलं, नाही गं, हवालदार. इतक्या अभिमानाने मी तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला. वाईट एवढंच वाटलं की ऐकायला तुम्ही नव्हता.

संध्याकाळी प्रस्तावना लिहायला बसले आणि त्या रविवारपाशी येऊन हात थांबला. दुसऱ्या दिवशी मला समोर बसवल्यावर तुम्ही आधी विचारलं होतं, “वाक्य नजरेतून सुटलं का गं?” मी हो म्हणाले. तुम्ही विश्वास ठेवलात, आणि चूक स्वतःच्या अंगावर घेतली होती ती तशीच राहू दिलीत. प्रस्तावनेतही मी ‘नजरचुकीने’ असंच लिहिलं होतं, मग खोडलं. तुम्हाला लिहिलेला हा कागद कुठे पाठवायचा नाही, तो त्या पुस्तकात राहील, गरुडाच्या पानात. पण जबाब पुरा व्हायला हवा. ते वाक्य सुटलं नव्हतं, अण्णा. मला ते अडाणी वाटलं, सरकारी कागदावर तुमच्या सुंदर अक्षरात ते नको वाटलं, म्हणून मी मुद्दाम गाळलं. वर लिहिलेलं मी स्वतःच वाचून पाहिलं, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.