सातशेएकावं नाव

सोमवार, १ डिसेंबर २०२५

आज एकदाची रुजू झाले. सहायक ग्रंथपाल, वैजयंती सयाजी काशीद. बार्शीहून निघालेली एसटी वैरागात अर्धा तास बसून राहिली, तरी साडेदहाला कॉलेजच्या दारात हजर. पहिल्याच दिवशी उशीर नको म्हणून पाचला उठले होते आणि इथे येऊन बघते तर ग्रंथालयाला कुलूप. शिपाई चन्नप्पा पावणेअकराला चाव्या वाजवत आला. अक्कलकोटकडचा माणूस. अर्धं कानडी, अर्धं मराठी, आणि एकदा बोलायला लागला की त्याला दोन्ही भाषा पुरत नाहीत. तुमी आलात लई बरं झालं की मॅडम, म्हणाला. आधीचे ग्रंथपाल ऑगस्टमध्ये निवृत्त झाले, तेव्हापासून कॉम्प्युटरला कुणी हात लावलेला नाही. धूळ पुसायलासुद्धा नाही.

माझ्याकडे ई-संसाधनं आहेत, म्हणजे कॉलेजनं वर्गणी भरून घेतलेली कॉम्प्युटरवरची पुस्तकं आणि नियतकालिकं. कोणती नवी आली, कोणती बंद पडली, ही माहिती दर आठवड्याला अद्ययावत करून फलकावर लावायची. कुणाला लॉगिन नसेल तर द्यायचं. कंपनीनं आपल्याला सातशे जागा दिल्या आहेत, त्यात प्राचार्यांपासून माझ्यापर्यंत सगळे आले. यादी भरलेली आहे. नवं नाव घालायचं तर आधी एक जुनं काढावं लागतं. सातशेएकावं नाव घातलं की पडदा लाल होतो. आधीच्या साहेबांनी मॉनिटरला चिठ्ठीच चिकटवून ठेवली आहे: वापर शून्य, तर नाव काढा. मला असली शिस्त आवडते.

सोलापुरात सात रस्त्याजवळ खोली मिळाली. घरमालकीण गिरिजाबाईंनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणून दिली. यांना फोन केला. हे बार्शीला मार्केट यार्डात आडतीवर दिवाणजी आहेत. जेवलीस का म्हणाले, मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. पण एकंदरीत दिवस चांगला गेला.

गुरुवार, ४ डिसेंबर

पहिली अद्ययावत सूचना आज फलकावर लागली. वनस्पतिशास्त्राची चार नवी नियतकालिकं, एक बंद, एकाचा पत्ता बदलला. वाचायला कोण येतंय म्हणा. एक मुलगी तेवढी आली. मायाक्का नाव, सांगोल्याकडची, घरी मेंढरं. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि हॉस्टेलवर राहते. सूचना वरपासून खालपर्यंत वाचली आणि मला विचारलं की हे समदं छापील कुटं मिळंल. तिच्याकडे साधा फोन आहे. ती कपाटातली पुस्तकं घेते आणि वाचनालयात पंख्याखाली बसते. चन्नप्पाला गावाकडून लोणी आणून देते, म्हणून तो तिला पाच वाजल्यानंतरही उठवत नाही.

दुपारी कार्यालयानं पहिल्या वर्षाची यादी पाठवली, कुणाला लॉगिन दिलेलं नाही ते बघायला. बेचाळिसावं नाव सृष्टी सयाजी काशीद. प्रवेश निश्चित.

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. सृष्टी माझी मुलगी. याच कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता. २४ जुलैला गेली. डेंग्यू, सहा दिवस. एक दिवससुद्धा ती इथल्या वर्गात बसली नाही, आणि नाव काढायचं कुणाला सुचलं नाही. मी तरी कुठे कळवलं होतं? लोकांना सांगितलं, बार्शीत बसून वेड लागेल म्हणून सोलापूरला नोकरी धरली. खरं असं की तिला जिथे यायचं होतं तिथे मला यायचं होतं.

मंगळवार, ९ डिसेंबर

आज मी एक गोष्ट केली. चुकीची आहे हे मला कळतं, कुणी शिकवायला नको.

सृष्टीच्या नावानं लॉगिन तयार केलं. पाच दिवस तिच्या नावापुढचा तो रिकामा चौकोन बघत होते. नाव यादीत आहे, प्रवेश निश्चित आहे, मग द्यायला काय हरकत? तेवढीच ती या कॉलेजची झाली. पासवर्ड कागदावर लिहिला, पाकिटात घालून पाकीट चिकटवलं आणि खणात ठेवलं. इतर मुलांचं ठेवते तसंच.

जागा करायला एक नाव काढावं लागलं. वापर शून्य असलेलं एकच निघालं, मायाक्काचं. वर्षात एकदाही लॉगिन नाही. तिला कुठे त्याची गरज आहे, ती तर छापील पुस्तकांतला किडा. नियमानंच काढलं. आज खोलीवर आल्यावर पोटभर जेवले.

शुक्रवार, १२ डिसेंबर

वापराचा अहवाल काढला. सृष्टी काशीद, काल दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आत, चार वाजून पाच मिनिटांनी बाहेर.

आधी संताप आला. कुणाची तरी थट्टा, आणि सापडला तर त्याला सोडणार नव्हते. खण उघडला. पाकीट चिकटलेलंच होतं.

मग तिनं काय शोधलं ते बघितलं. गुलबक्षी संध्याकाळीच का फुलते. पाच वर्षांची असताना परसात उभी राहून तिनं हे मला विचारलं होतं. मी भांडी घासत होते. बाईंना विचार जा, म्हटलं होतं. हे तिला आणि मला सोडून जगात कुणाला ठाऊक नाही.



मंगळवार, १६ डिसेंबर

रोज दोन वाजून दहा मिनिटांनी येते. मी डबा त्याच वेळेला उघडते. पडद्यावर तिचं नाव हिरवं होतं, मी जेवते, ती वाचते. घरी असंच असायचं, ती पुस्तक घेऊन ओट्याशी आणि मी पोळ्या लाटत. मला भीती वाटायला हवी. वाटत नाही. सुख वाटतं, आणि त्याची लाज वाटते.

आज मायाक्का आली होती. तिचं कार्ड दारातल्या यंत्रावर चालत नाही. वर्गातही काहीतरी बिनसलंय म्हणाली. सर माजं नावच घेत न्हाईत, माज्या नंबरावर सृष्टी काशीद म्हनतात, आन् मागनं कुनीतरी हजर म्हनतं बी. वळून बघितलं तर बाक मोकळा. तिनं सरांना सांगितलं तर सर म्हणाले, तू कुठल्या वर्गाची?

कार्यालयात चौकशी करते म्हटलं. केली नाही.

शुक्रवार, १९ डिसेंबर

चन्नप्पानं आज विचारलं की मॅडम, तुमची पोरगी हितंच शिकते हे सांगितलं न्हाईत की. दुपारी खिडकीपाशी बसलेली असते, नाक अगदी तुमच्यागत. मी धावत गेले. खुर्ची मागे सरकवलेली होती. बसायची जागा कोमट होती. किती वेळ हात ठेवून उभी होते, माहीत नाही.

मायाक्का कधीपासून आली नाही, असं त्याला विचारलं. कोण मायाक्का, म्हणाला. लोणी आणते ती. माझ्याकडे बघून हसला. लोणी मला कोण आणनार मॅडम.

मायाक्का चार वाजता आली. हॉस्टेलवर तिची कॉट दुसरीला दिली आहे, दोन दिवस ती एसटी स्टँडवर बसून आहे. जेवणाच्या रांगेत वाढपी तिला ओलांडून पुढच्या ताटात वाढतो. मॅडम, तुमी तरी वळकता न्हवं, म्हणाली. मग तिनं विचारलं, माजं गाव कोन्तं वो?

मी यादी बघितली. हॉस्टेलची, वर्गाची, परीक्षेची. मायाक्का कुठेच नाही. तिच्या प्रत्येक जागेवर सृष्टी. तेव्हा मला सगळं कळलं. मी कॉम्प्युटरमधून लॉगिन काढलं नव्हतं. मी पोरीला काढलं होतं. मला एकटीलाच ती आठवते, ती मी काढली म्हणून, की या वहीत लिहिली आहे म्हणून, कोण जाणे.

एका चिठ्ठीवर तिचं नाव आणि गाव लिहून तिच्या हातात दिलं. सोमवारी बघू, म्हटलं. खिडकीजवळच्या खुर्चीसाठी मी त्या पोरीला शनिवार-रविवार तसंच सोडलं. हे मी केलं. लिहून ठेवते.

सोमवार, २२ डिसेंबर

मायाक्का दिसत नाही. चिठ्ठी माझ्या टेबलावर पडलेली होती.

अकराला एक बाई आल्या. डोक्यावरून पदर, हातात कापडात बांधलेला डबा. बजाबाई, सांगोल्याकडच्या. वाचनालयाच्या दारात नुसत्या उभ्या. कुणाकडे आलात विचारलं तर त्यांना सांगता येईना. पाटं उठून भाकऱ्या थापल्या, म्हणाल्या, एसटीत बसले, आन् हितं उतरल्यावर कळंना कुनासाटी. मला ल्योक न्हाय, लेक न्हाय. मग हे कुनाचं?

डबा पुढे करून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. बाजरीची भाकरी, लोणी, खारी मिरची.

मी म्हटलं, मायाक्का. तुमच्या लेकीचं नाव मायाक्का. त्यांनी ते दोनतीनदा म्हणून बघितलं, परक्या गावाचं नाव म्हणावं तसं. आणि रडायला लागल्या. का रडतेय तेही त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. पाच महिने मी तशीच रडतेय, पण मला निदान नाव तरी होतं.

डबा पुन्हा बांधून, मांडीवर घेऊन त्या पायरीवर बसून राहिल्या.

कंपनीला फोन केला. एक जागा वाढवून द्या, मी माझ्या पगारातून भरते. एप्रिलनंतर, म्हणाले.

मंगळवार, २३ डिसेंबर

बजाबाई अजून पायरीवरच आहेत. रात्री वॉचमननं बसू दिलं.

सृष्टीचं नाव काढायचं. ठरवून आले. पडदा उघडला, नावावर आले, खात्री आहे का असं विचारतो तो. हो किंवा नाही.

दोन वाजून दहा मिनिटं. नाव हिरवं झालं. तिनं शोधलं: आई.

शून्य निकाल.

दोन बारा. आई कुठे आहे.

शून्य निकाल.

दोन पंधरा. ताप उतरला आता घरी कसं जायचं —

मी नाही म्हटलं. देवा, मी नाही म्हटलं. एकदा तिचा हात माझ्या हातातून गेला, दुसऱ्यांदा मी स्वतः सोडायचा? नाही होत.

मग दुसरं कुणाचं? सातशे नावं वरून खाली वाचली. प्रत्येक पोराची आई कुठेतरी भाकरी थापते आहे. एकही काढता येईना. शेवटी शेवटी माझं आलं. काशीद वैजयंती सयाजी.

मीही आईच आहे. पण माझी मुलगी तर आता यादीत आहे —

खात्री आहे का. हो.

मायाक्काचं नाव घातलं. पडदा लाल झाला नाही.

पाच वाजता मायाक्का दारातून आत आली. कार्ड चाललं. बजाबाईंनी पायरीवरच तिला धरलं आणि कुटं मेलती गं, म्हणून पाठीत धपाटा घातला. मग दोघी डबा उघडून बसल्या. मी कपाटाआडून बघत होते.

बुधवार, २४ डिसेंबर

हजेरीच्या यंत्रावर माझा अंगठा लागत नाही. चन्नप्पानं विचारलं, कोणत्या पोराच्या पालक तुमी? खुर्चीवर बसू दिलं नाही. मागे पुस्तकांच्या कपाटांच्या फटीत बसून लिहितेय.

दोन दहा. ती आली.

कॉम्प्युटरवर नाही. दारातून. निळा पंजाबी, आम्ही प्रवेशाच्या दिवशी घेतलेला. वाळली आहे. चन्नप्पाला विचारलं बार्शीची गाडी किती वाजता. सुट्टी लागली, घरी जाते, म्हणाली. आवाज तोच —

तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. मी धावले, दार धरलं. सृष्टी म्हटलं. बहुतेक म्हटलं. आवाज फुटला की नाही —

थँक्यू काकू, म्हणाली.

गेली.

संध्याकाळ. यांना फोन. कोण, म्हणाले. वैजयंती. कोण वैजयंती? मागे भांड्यांचा आवाज, आणि ती. पप्पा, कोण आहे? हे हसत होते. पाच महिन्यांत हसले नव्हते. कुणी नाही बाळा, राँग नंबर. तू जेव.

बरं झालं. बरंच झालं. हे असंच व्हायला —

पण तिला मच्छरदाणी लावून द्या, हे सांगायचं राहिलं. हे विसरतील. यांना नाही सुचायचं. आणि मागची टाकी उघडी असते, तिच्या खिडकीखाली, मीच रोज झाकत होते, तर तिथे कोण

पुन्हा लावते. नंबर — अठ्ठ्याण्णव बावीस, पुढे — पुढे काय

बार्शीला. पोरीचं नाव स. स वरून. निळा पंजाबी घातलेली, नाक माझ्यागत. कुणाला तरी सांगा, टाकी झाका, तिला डास