पूल हवाच, पण त्यांच्या हातून नको

३ फेब्रुवारी, सोमवार
आज सभागृह दणाणून सोडलं. कामकाजात शेवटचा विषय आपल्या नामबोलाच्या पुलाची दुरुस्ती. बांधकाममंत्री हामूंगा मंजुरी मागायला उभा राहतोय न राहतोय, तोच मी पॉइंट ऑफ ऑर्डर घेतला. मंत्र्यांच्या गळ्यात टाय नाही, पक्षाच्या रंगाचा रुमाल आहे! मग रुमालाला टाय म्हणावं का, यावर चर्चा. दिवस त्यातच गेला. पूल राहिला. आम्हा विरोधकांनी बाकं काय बडवली!

पूल हवाच. माझाच मतदारसंघ, मला नको का? पण निवडणूक ऑगस्टमध्ये. फीत हामूंगाने कापली तर मी काय कापू, नखं?

ठराव: हे सत्र संपायच्या आत पूल मीच मंजूर करून घ्यायचा. माझ्या नावाने.

५ फेब्रुवारी, बुधवार
अक्काचा फोन. ती बाजारात टोमॅटो विकते, पाटीशेजारी रेडिओ, त्यावर दिवसभर आमचं सभागृह. वाटलं कौतुक करेल. तर म्हणे मधला खांब कललाय, बस पूल ओलांडत नाही, लोक उतरून चालत जातात. तुझ्या त्या रुमालाने खांब बांधायचा का रे, म्हणाली. अक्काची जीभ पहिल्यापासूनच तिखट.

मुतिंताला, म्हणजे तिच्या लेकीला, नववा लागलाय. सासर नदीपलीकडे, दवाखाना अलीकडे. अक्का विचारत होती, पोरीला आत्ताच इकडे आणून ठेवू का? मी म्हटलं मुळीच नको. खासदाराची भाचीच पूल सोडून पळाली तर लोक घाबरतील, आणि हामूंगाला आयता मुद्दा मिळेल. शुक्रवारी मंजुरी, सोमवारी माणसं कामावर. शब्द दिला. माझ्या शब्दावर तिचा भारी विश्वास.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
विषय आज येणारच होता. पण हामूंगा मला पुलाखालचा बेडूक म्हणाला. शब्द मागे घ्या म्हटलं, तर पठ्ठ्याने बेडूक मागे घेतला, पुलाखालचा तसाच ठेवला! मीही अडून बसलो. अब्रूचा प्रश्न.

कँटीनमध्ये तोच माझ्या टेबलावर येऊन बसला, माझ्या ताटातले सुके मासे खाल्ले. आज छान रंगलं, म्हणाला. माणूस तसा वाईट नाही.

अक्काचे बरेच मिस्ड कॉल. वर डोंगरात पाऊस थांबत नाही म्हणे. सोमवारी करतो फोन.

१० फेब्रुवारी, सोमवार
गावचा मुखिया सियामुजाये चारपाच माणसं घेऊन प्रेक्षक गॅलरीत आलेला. चर्चला घालायचे कोट घालून. मी हात केला. कुणी हात केला नाही. नुसते बघत होते. भारावले असतील.

सत्राचा शेवटचा दिवस, आणि सत्ताधाऱ्यांनी कहर केला. वेळ संपत आली आणि पूल राहतोय असं दिसताच भिंतीवरचं घड्याळच बंद पाडलं! नियमांची इतकी पायमल्ली? मी काय बांगड्या भरल्यात? आमच्या सगळ्यांना मी कँटीनमध्ये धाडलं. त्यांचे निम्मे तिथेच चहा पीत होते. स्वतः दारात उभा राहिलो, एक पाय आत, एक बाहेर, आणि ओरडलो, कोरम नाही! हरकत घ्यायची तर मी आत, डोकी मोजायची तर मी बाहेर. अध्यक्ष कितीतरी वेळ माझ्या पायांकडेच बघत राहिले. शेवटी तहकूब. सत्र संपलं.

वर सियामुजाये उठला, टोपी घातली, चालू लागला. बाकीचे त्याच्या मागोमाग. मी पुन्हा हात केला. दिसला नसावा.

मोठा विजय. पूल आता पुढच्या सत्रात, माझ्याच नावाने.

अक्काला फोन लावला. पाणी खांबाच्या गळ्याशी आलंय, मी पोरीकडे पलीकडे निघालेय, चालत, म्हणाली. जपून जा म्हटलं. खाडकन फोन ठेवला. रागावलीय. येईल ताळ्यावर.

१३ फेब्रुवारी, गुरुवार, नामबोला
पूल परवाच गेला. आधी मधला खांब, मग सगळंच. काल सकाळी मुतिंताला कळा सुरू झाल्या. पाण्यातून झाडंच्या झाडं वाहून येतायत, होडी घालायला कोणी तयार नाही. दवाखान्यातली नर्स कालपासून काठावर बसून आहे. अक्का फोन उचलत नाही.

सरकारच्या नाकर्तेपणावर भाषण लिहून आणलंय. खिशात आहे. लोक खूप जमलेत, पण कोणी माझ्याजवळ येत नाही.

मघाशी पलीकडे मुतिंताच्या अंगणात शेकोटी पेटली. भर दुपारी. पुरुष गोल करून भोवती बसले. आमच्याकडे दिवसाउजेडी अंगणात अशी शेकोटी एकाच कारणासाठी पेटते. इकडच्या बायकांनी ते बघितलं, कमरेला फडकी गुंडाळली आणि हंबरडा फोडला. पोर तरी जगलं का, तेही इथून कळेना. पोरीला आणू नको म्हणणारा मीच होतो.

सियामुजाये शेजारी येऊन उभा राहिला. नदीकडेच बघत म्हणाला, बोला खासदारसाहेब, आता वेळच वेळ आहे.