पाहा पान एकशे तेरा

नंदनवन, नागपूर
१२ नोव्हेंबर १९७८

प्रिय धोंडबास,

रुपरावचा सप्रेम जयभीम. तुझा गुडघा कसा आहे? हिवाळ्यात टाटानगरला थंडी फार पडते असं ऐकतो, तेव्हा तो कुरकुरत असणारच. वहिनींना जयभीम. आमच्याकडे सगळे ठीक आहेत. माझा खोकला आहे तसाच आहे, आणि इंदूबाईच्या मते माझा स्वभावही. आपल्या दोघांत सात वर्षं पत्र नाही. सुरुवात तू केलीस, हे मी आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको. माझ्या रविंद्रच्या लग्नाला तू आला नाहीस. वर एक पोस्टकार्ड टाकलंस, ‘रविंद्रचं लग्न झाल्याचं कानावर आलं, आनंद आहे.’ ही काय भाषा झाली? मी ठरवलं, आता याला पत्र लिहायचं नाही. आणि तरी लिहितो आहे, तेव्हा काहीतरी मोठं घडलं असणार हे तू ओळखलंच असशील.

घडलं ते असं. भिवापूरहून पोटापाण्यासाठी बाहेर पडलेल्या आपल्या माणसांची एक परिचय पुस्तिका काढावी असं गावच्या मंडळाने ठरवलं. कोण कुठे असतो, मुलं काय करतात, लेक कुठे दिली. काम अर्थातच माझ्याकडे आलं. (सेवानिवृत्त मास्तर रिकामा असतो असा गावाचा समज आहे.) माझी ती जाड वही तुला आठवत असेल, वीस वर्षं मी तिच्यात सगळ्यांची माहिती टिपत आलो आहे. एकच माहिती दोनदा लिहिणं मला कधीच पटलं नाही. म्हणून लेकीच्या नावापुढे ‘सासर : पाहा पान ३१’, भावापुढे ‘पत्ता : पाहा पान ७६’, अशी पद्धत ठेवली. इतकी शिस्त मी शाळेतही ठेवली नव्हती. वही तशीच्या तशी महाल भागातल्या बापूजींच्या छापखान्यात नेऊन दिली आणि प्रूफं आली तेव्हा फक्त ऱ्हस्वदीर्घ तपासलं.

धोंडबा, वहीची पानं एकशे वीस. छापून झालेल्या पुस्तिकेची अठ्ठेचाळीस. आणि आतले सगळे आकडे वहीचे!

दसऱ्याला तीनशे प्रती वाटल्या. दुसऱ्या दिवसापासून माझ्या दारात माणसं. यमुताईंनी विहीणबाईंची माहिती पाहायला मोठ्या हौसेने पान एकतीस उघडलं, तर तिथे आपल्या मिरचीवाल्याची जाहिरात : ‘झणझणीत, रंगाने लाल, वर्षभर टिकणारी.’ विहीणबाई तेव्हापासून बोलत नाहीत. यमुताई मात्र म्हणतात, माहिती बरोबर आहे, बदलू नका. मनोहररावांच्या पत्त्यासाठी पाहायचं पान चव्वेचाळीस, आणि चव्वेचाळीसवर दिवंगतांची यादी. उमरेडचे त्यांचे साडू डोळे पुसत सांत्वनाला आले आणि दार उघडलं खुद्द मनोहररावांनी. (साडूंना चहा मिळाला, पण मनोहरराव मला रस्त्यात भेटले की वाट बदलतात.) आणि ज्यांचे आकडे अठ्ठेचाळीसच्या पुढचे, त्यांना तर कुठे जायलाच जागा नाही.

मी तावातावाने छापखान्यात गेलो. बापूजींनी शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाले, “तुमीच लिहून देल्लं ना जी, आमी तसंच लावलं. मास्तराची चूक आमी काहून काढाव?” खिळे जुळवणाऱ्याने हातातल्या कागदातला कानामात्राही बदलायचा नाही, हा त्यांचा नियम. मग बसून शुद्धिपत्र केलं. सगळे आकडे पुन्हा लावले आणि प्रत्येकाला त्याच्या जागी पोचवलं. एक सोडून.

तो एक म्हणजे तू. पुस्तिकेत पान सहावर तू आहेस : ‘धोंडबा, रेल्वेत नोकरी. नवा पत्ता : पाहा पान ११३.’ त्या पानाचा मजकूर छापलाच गेला नव्हता. एक नाव राहिलं तर राहिलं, असं म्हणून मी शुद्धिपत्र उरकलं. (खोटं कशाला बोलू, मुद्दामच सोडलं.) पण मागच्या रविवारी शुद्धिपत्र द्यायला भिवापूरला गेलो, तर तुझी बायजाबाई अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसलेली. नातवाकडून तिने सगळी पुस्तिका वाचून घेतली होती. पान एकशे तेरा शोधायला त्याला तीनदा मागून-पुढून चाळायला लावलं म्हणे. मला पाहून म्हणाली, “साऱ्याइचे पानं हायेत, माह्या धोंडबाचंच काहून नाही लावलं गा?” ज्या बहिणीने तुला लहानाचं मोठं केलं, तिला मी काय सांगणार? तुम्हा दोघांची ख्यालीखुशाली माझ्याच पत्रांतून ये-जा करायची. मी रुसलो आणि तिचाही रस्ता बंद झाला, हे मला त्या अंगणात पहिल्यांदा कळलं.

परतताना छोट्या गाडीच्या दाराशी बसलो. ती अजून तशीच चालते. उतरून बोरं वेचावीत आणि पुन्हा चढावं. मला तुझी फार आठवण आली. छप्पन साली दीक्षेला याच गाडीने आलो होतो आपण, बायजाबाईच्या भाकरी बांधून. गर्दीत चुकामूक झाली. ठरलेल्या कडुनिंबाखाली मी संध्याकाळी पोचलो, तर तू सकाळपासून तिथेच, भाकरीला हात न लावता. मी रागावलो, तर म्हणालास, “मी हाललो असतो तं तू मले कुठी पायलं असतं गा?” असा माणूस माझ्या मुलाच्या लग्नाला येत नाही, हे सात वर्षं माझ्या घशाखाली उतरलेलं नाही. घरी आलो आणि तडक वही उघडली. कळावे.

तुझा,
रुपराव

ता. क. पान एकशे तेरावर तुझं कार्ड चिकटवलेलं आहे, म्हणूनच ते छापायचं राहिलं. तारीख जानेवारी एकाहत्तर. ‘क्वार्टर बदललं, लाइनही बदलली, नवा पत्ता टिपून ठेव.’ मी टिपला. आणि मे महिन्यात लग्नपत्रिकांवर पत्ते घालताना वही उघडलीच नाही, कारण तुझा पत्ता मला तोंडपाठ होता. जुना.

ता. क. २. म्हणजे सुरुवात तू केलीस, हे वरचं वाक्य खोडून वाच. मी खोडणार होतो, पण इंदूबाई म्हणाली, “राहू द्या न, त्याइले दिसू द्या तुमी कसे हा ते.”

ता. क. ३. बायजाबाईच्या प्रतीत मी एक कोरा कागद डकवला आहे आणि वर ११३ आकडा घातला आहे. तिला वाचता येत नाही, पण ते पान तिला बरोबर सापडतं. ये आणि ते भर. रविंद्रची पत्रिका सोबत जोडली आहे. लग्न होऊन गेलं आहे, पण तू ये. माझा पत्ता वर आहे. या वेळी मी हलत नाही.