चंदेरी कापडाचा तागा आणि राहतं घर

मी, खाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर, धंद्याने शिंपी, शाळा चौथीपर्यंत आणि पुढचं सगळं कापडावर शिकलेला, कुणाच्याही दडपणाशिवाय, शुद्धीवर राहून आणि चष्मा लावून माझी ही शेवटची इच्छा लिहीत आहे.

१. राहतं घर, दोन खोल्या व गॅलरी, माझ्या कमाईचं. माझ्यामागे ते पूर्णपणे माझ्या जोडीदाराचं. तो स्टुडिओत दिवे लावायचा, म्हणून सगळ्यांचा दिवेवाला. एकोणचाळीस वर्षं आम्ही इथे एकत्र राहतो. शेजाऱ्यांनी त्याला भाडेकरू ठरवलं, एका बाईंनी तर माझा मावसभाऊच करून टाकला.

पुतण्या म्हणाला, "काका, घर द्या त्यांना, पण तो शब्द तेवढा नको. लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या कंबरा मी मोजल्यात, बाळा. म्हणू देत."

'जोडीदार' हा शब्द राहणार. तो गाळला तर उद्या कुणीही दारात येऊन "तुम्ही यांचे कोण?" विचारील, आणि हा भिडस्त माणूस पिशवी उचलून चालता होईल.

२. कपाटाखालचा चंदेरी कापडाचा तागा मी जिचे पोशाख शिवले त्या अंतराळ-मालिकेच्या दिग्दर्शकांना. खुलासा असा: जे पात्र मरणार, त्याचा पोशाख दोनदा शिवतात, एक धड, एक जळका. त्यामुळे मरण नटाआधी शिंप्याला कळतं. मालिकेत दोन वैमानिक होते, एकमेकांवर जीव टाकणारे. तोवर आमच्यासारखा माणूस पडद्यावर यायचा तो हसं करून घ्यायला, नाहीतर लवकर मरायला. नवव्या भागात दोघांनी हात धरला, आणि लगेच मला निरोप: धाकट्याचा दुसरा पोशाख शिवा.

मी सांगितलं, कापड संपलं. दिग्दर्शकसाहेब धावत आले.

"मास्तर, तुमच्या कापडापायी माझं मरण अडलंय!"

"अडू द्या की, साहेब. घाई कुणाला आहे?"

शिडीवरून दिवेवाला म्हणाला, "बाजारातही नाही, साहेब. मी बघून आलो." तो एरवी खोटं बोलत नाही, म्हणून खपलं. तोवर ही जोडी आवडल्याची प्रेक्षकांची पत्रं पोत्यांनी आली. दोघे वैमानिक शेवटच्या भागापर्यंत जगले, म्हातारे झाले, चहा कुणी करायचा यावरून भांडले. आम्ही घरी बघत होतो. दिवेवाला म्हणाला, "हे आपल्या घरात कधी येऊन गेले?"

साहेबांनी त्या ताग्याचा आता कोट शिवावा. पोट धरून दोन मीटर जास्त लागेल.

३. शिलाई मशीन व मोठी कात्री पुतण्याच्या मुलीला. कात्रीने कागद कापलेला आढळल्यास देणगी रद्द.

४. बँकेतली शिल्लक दिवेवाल्याच्या गुडघ्यांसाठी. डॉक्टरला घाबरून त्याने ती साठवून ठेवू नये.

सही: शिंपी
साक्षीदार: १. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई (मी शुद्धीवर असल्याचं तपासून) २. पुतण्या
ठिकाण: राहतं घर, कापायचं टेबल
दिनांक: एकवीस मार्च, सकाळी

सहीखाली लिहू नये असं हा कागद तपासायला आलेल्या वकीलबाई म्हणतात, म्हणून पुढचं मृत्युपत्रात धरू नये. साक्षीदार व्हायला आधी दिवेवालाच पेन उघडून बसला होता. ज्याला मिळणार त्याची सही चालत नाही, असं सांगून वकीलबाईंनी त्याला गॅलरीत धाडलं. "एकोणचाळीस वर्षं बघणारा मी, आणि मलाच बाहेर!" म्हणत तो गेला. मग पुतण्याने कागद वाचला. त्या शब्दापाशी थांबला. त्याने सही केली, उठून गॅलरीचं दार उघडलं. आजवर तो दिवेवाल्याला "अहो" एवढंच म्हणत आला होता.

"काका," तो म्हणाला, "आत या. झालं तुमचं."