झुंजार कॉइनचा तालुका मार्गदर्शक

९ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या रोजनिश्या पुढे उपयोगी पडतात.
केजमध्ये बारा वर्षं पोलीस भरतीचा आणि बारावीचा क्लास चालवतोय. बारा वर्षांत भरती झाले चार. दोष मुलांच्या उंचीचा. आता नवी दिशा: क्रिप्टो. पुण्याहून फोन आला. विजयसिंह नावाचे गृहस्थ, ‘झुंजार कॉइन’चे रीजनल हेड. म्हणाले, गहिनीनाथ सर, तालुक्यातल्या तरुणांवर तुमचा होल्ड आहे असं कळलं. बरोबर कळलं. पद: तालुका मार्गदर्शक. प्रत्येक मुलामागे मानधन. कमिशन नव्हे. कमिशन एजंट घेतात.

१२ जून, गुरुवार
अमरसिंह वकिलांना कायदा विचारून घेतला. काम पक्कं असावं. म्हणाले, क्रिप्टोवर बंदी नाही, टॅक्स आहे. पण हे ॲप कुठं नोंदलेलं आहे? ‘दुप्पट देतो’ म्हणून पोरांकडून पैसे घ्याल तर गुन्हा होईल. बरंच बोलले.
सारांश: बंदी नाही.
अठराच्या खालच्यांचं खातं निघत नाही, एवढी एक अडचण. उपाय सापडला. वडिलांचं आधार. यातून बाप-लेकातला संवादही वाढेल.

१५ जून, रविवार
संकल्प: रोज पाच मुलं जोडणे. खोटं न बोलणे. चहा बंद (उद्यापासून).
बायकोला योजना सांगितली. सत्यशीला म्हणाली, आधी आपले टाका की. तिला समजावलं, पोहायला शिकवणारा विहिरीच्या काठावरच उभा राहतो. म्हणाली, विहिरीत पाणी हाय का, ते तरी बघितलं का?
हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

२२ जून, रविवार
सेमिनार. प्राचार्यांनी कॉलेजचा हॉल नाकारला. जळतात. क्लासमध्येच घेतला. मुलं अडतीस.
खालच्या मोबाइल दुकानाचा इलियास न बोलावता येऊन मागे उभा राहिला. हात वर करून विचारतो, सर, हे कॉइन उद्या विकायचं म्हटलं तर घेणार कोण? मी म्हणालो, हीच ती गरिबीची मानसिकता. मुलं खूप हसली. इलियास उतरून गेला.
शेवटी ‘गॅरंटी माझी’ असं बोलून गेलो. हे खोटं नव्हे. आपुलकी आहे.

८ जुलै, मंगळवार
आज वैष्णवी. नेकनूरची, एकोणीस वर्षांची, क्लासमधली सगळ्यात हुशार. आई भामाबाई मांजरसुंब्याला ढाब्यावर भाकरी करते. नर्सिंगला नंबर लागलाय. मायलेकींनी चार वर्षांत साठ हजार साठवले. फी भरायची मुदत अकरा ऑगस्ट.
तिने विचारलं, “सर, फीचे हायेत. बुडणार न्हाईत ना?”
म्हणालो, मुदतीला महिना आहे. महिनाभर पैसा झोपवून ठेवणं हा पैशाचा अपमान.
तिने माझ्यासमोरच टाकले. नंतर छातीत जरा कसंतरी झालं. ॲसिडिटी. चहा खरंच बंद केला पाहिजे.

१९ जुलै, शनिवार
ॲपवर वैष्णवीचे साठाचे एक्क्याण्णव झाले! रील काढलं. ‘मी शिकत शिकत कमावते’ एवढंच वाक्य, पण लाजत होती. चार टेक लागले. संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस हजार व्ह्यूज.
रील बघून क्लासमधला लखन आणि आणखी अकरा मुलं आपणहून आली. लखनने बाइक विकली. ज्याला धाडस आहे त्यालाच यश.

३ ऑगस्ट, रविवार
वैष्णवी पैसे काढायचे म्हणते. ॲपवर ‘मेंटेनन्स’. विजयसिंह म्हणाले, आधी बारा हजार ‘रिलीज टॅक्स’ भरावा लागेल. रास्तच आहे, टॅक्स कुणाला चुकलाय? वैष्णवीला तसं सांगितलं. भामाबाईने ढाबेवाल्याकडून दोन महिन्यांचा पगार उचलून भरला. माणसाचा विश्वास असा असावा.

११ ऑगस्ट, सोमवार
ॲप उघडत नाही. विजयसिंहांचा नंबर अस्तित्वात नाही असं बाई सांगते. परदेशात गेले असावेत.
आज फीचा शेवटचा दिवस. वैष्णवी सकाळी नऊपासून क्लासच्या जिन्यात बसून होती. पाच वाजेपर्यंत. मी दिवसभर शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात थांबलो. मला बघून तिला आणखी त्रास झाला असता.
पाचला उठली. ओढणीने जिन्याची पायरी पुसली आणि गेली. पायरी कशाला पुसली कळलं नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार
शिक्षक दिन. दरवर्षी पंचवीस-तीस गुलाब येतात. यंदा फक्त लखन आला. क्लासची पाटी काढली, रस्त्यावर आपटली, वाट्टेल ते बोलला. पाटी तशी जुनी झालीच होती.
इलियासने तुकडे गोळा करून आणून दिले. काहीच बोलला नाही. बोलला असता तर उत्तर तयार होतं.

१५ सप्टेंबर, सोमवार
जिल्ह्याच्या ठिकाणच्या सायबर पोलीस ठाण्यातून फोन. झुंजार प्रकरणी उद्या अकराला या. या विषयातला माणूस तालुक्यात दुसरा आहे कोण? ब्लेझर इस्त्रीला टाकला. सायबर जागृतीवर चार मुद्दे काढले.

१६ सप्टेंबर, मंगळवार
ठाण्यात तीस-पस्तीस पालक. मला वाटलं, माझं भाषणच ठेवलंय. फौजदारांनी बसायलाही सांगितलं नाही. म्हणाले, आरोपी नंबर दोन. एक नंबर विजयसिंह, तो सापडत नाही. म्हणजे सध्या केसमध्ये मीच वरिष्ठ.
म्हणालो, माझा हेतू शुद्ध होता. फौजदार म्हणाले, हेतूचा रकाना नाही यात.
वैष्णवी आली नव्हती. ढाब्यावर भांड्यांना लागलीय. उचल फिटेपर्यंत.
भामाबाई बाकावरून उठून समोर आली. शिव्या देईल म्हणून एक पाऊल मागे सरकलो. तिने शांतपणे विचारलं, “माज्या लेकीमागं तुमाला किती भेटले, सर?”
सगळे बघायला लागले. लिहिणारा हवालदार थांबला.
म्हणालो, साडेसातशे.
तिने आकडा एकदा स्वतःशीच म्हणून बघितला. मग म्हणाली, “साडेसातशे व्हय? मला मागायचे की वो. मी दिले असते.”
हवालदाराने साडेसातशे लिहून घेतले.
सहीला उद्या पुन्हा बोलावलंय. एसटीत कुणी शेजारी बसलं नाही. घरी आल्यापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय: पाच हजार सांगायला पाहिजे होते. साडेसातशे फारच कमी वाटले सगळ्यांना.