आधी माळावर

अण्णा,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गावात मला अजून 'पाणीवाल्याची पोरगी' म्हणतात. म्हणू देत, आता ते खरंच आहे. तुमच्या हातात पाणी सोडायची लांब लोखंडी चावी होती, माझ्या हातात माऊस आहे. टाकीपाशी आता छोटी खोली बांधलीय, आत कॉम्प्युटर ठेवलाय आणि गल्लीगल्लीच्या व्हॉल्व्हला मोटर बसवलीय. त्या चालवणारा प्रोग्राम धाराशिवच्या आमच्या ऑफिसात मी लिहिला. पडद्यावर प्रत्येक गल्लीच्या नावापुढं एक छोटी चौकट असते. तिच्यात बरोबरची खूण केली की त्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडतो. तुम्हाला राग येईल असंच काम मी त्यात करून ठेवलंय. येऊ दे राग.

तुमची रीत मला पाठ आहे. आधी पेठ, मग देवळामागच्या गल्ल्या, आणि सगळ्यांत शेवटी आपला माळ. माळ चढावर, त्यामुळं आपली पाळी येईस्तोवर टाकी तळाला गेलेली आणि नळातून नुसता वारा. मी सातवीत आहे. स्वयंपाकघरात आई रिकाम्या घागरीपाशी उभी आहे, तुम्ही कालवणात भाकरी कुस्करताय. मी विचारते, "अण्णा, टाकी भरलेली असताना आधी माळावर सोडलं तर न्हाय का चढणार?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "चढंल की. पण माझं घर हाय इथं. लोक म्हणतील, चावी हातात आली तर यानं आधी सवताचं भरलं." मी म्हणाले, "म्हणू द्या." तुम्ही ताट बाजूला सारलंत. "लई शाणी झालीस. माझ्याकडं आजवर कुणी बोट न्हाय दाखवलं." आई घागर उचलून हापशाकडं निघून गेली.

खरंच कुणी बोट दाखवलं नाही, अण्णा. पेठेतले लोक तुम्हाला बोलावून चहा पाजायचे, देवमाणूस म्हणायचे. का नाही म्हणणार? त्यांच्या दारात सडे पडत होते. नाव तुमचं झालं आणि वजन आईच्या मानेवर आलं. एकट्या आईच्याही नाही, माळावरच्या प्रत्येक बाईच्या. आपल्या घराला झुकतं माप नको म्हणून तुम्ही अख्ख्या वस्तीला तहानलेलं ठेवलंत. ह्याला प्रामाणिकपणा म्हणायला मी तेव्हाही तयार नव्हते, आजही नाही.

तर मी काय केलं ते ऐका. गल्ल्यांचे गट पाडले. गटाच्या नावापुढं एक मोठी चौकट. तिच्यात खूण केली की खालच्या सगळ्या चौकटींत प्रोग्राम आपोआप खुणा करतो. सोपं वाटतं ना? पहिल्याच चाचणीला माझी फजिती झाली. खूण माणसानं केली की प्रोग्रामनं, हे चौकटीला कळत नाही. सकाळी प्रोग्राम चालू झाला, आदल्या दिवशीच्या खुणा त्यानं नुसत्या दाखवायला म्हणून भरल्या, आणि प्रत्येक चौकटीनं तो हुकूम समजून आपापला व्हॉल्व्ह उघडला. सगळं गाव एकदम! पेठेत करंगळीएवढी धार, माळावर थेंब नाही. तुमच्या जागेवर आता काम करतात ते मामा कपाळाला हात लावून म्हणाले, "ताई, हे तर समद्यांचंच तोंड कोरडं केलं की." मी हसले आणि दुरुस्तीला बसले. आता खुणा भरताना चौकटींचे कान आधी बंद करते, सगळ्या भरून झाल्या की मगच हुकूम सोडते. आणि त्याच बैठकीत हेही लिहून टाकलं, की टाकी भरली की प्रोग्राम स्वतःच माळाच्या गटात खुणा करेल. माळाचं पुरतं भरेपर्यंत पेठेच्या चौकटी फिकट राहतील, कुणी कितीही दाबल्या तरी.

ग्रामपंचायतीत दाखवायला नेलं तेव्हा पेठेतले एक सदस्य, तुम्हाला चहा पाजणाऱ्यांपैकीच, हसत म्हणाले, "बाई, तुझं घर माळावरच हाय न्हवं?" ज्या वाक्याला तुम्ही जन्मभर भ्यालात, तेच. माझे कान तापले. मी म्हणाले, "व्हय, माळावरच हाय. टाकी भरलेली असल्याबिगर तिथं पाणी चढत न्हाय. पेठंत निम्म्या टाकीवरबी पोचतंय. खोटं असंल तर उघडून बघा." दुसऱ्या सकाळी उघडून पाहिलं. माळावर पाणी चढलं, मागून पेठेतही आलं.  पण जाताना आमच्या ऑफिसचे साहेब मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मॅडम, तुमची एक गल्ली तेवढी गटातून काढा. म्हणजे कुणाला बोलायला जागाच राहणार नाही."

उद्यापासून हे रोजचं चालू होतंय. मी आपल्याच घरी, ओट्यावर लॅपटॉप ठेवून हे लिहितेय. तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण तुम्ही उत्तरादाखल फक्त ताट सारलं असतं.

एवढं मात्र कबूल करते. मघाशी मी उद्याच्या यादीतून आपल्या गल्लीची खूण काढली होती, अण्णा. एक चौकट रिकामी झाली तशी माळाच्या मोठ्या चौकटीतली बरोबरची खूण गेली आणि तिथं नुसती आडवी रेघ आली, म्हणजे गट अर्धवट. तुम्हाला बरं वाटलं असतं. मी ती तशीच राहू देणार होते. तेवढ्यात आतल्या खोलीतून आई म्हणाली, "उद्या आधी आपल्याकडं येतंय न्हवं गं? मग हापशावर जायला नको, मी जरा उशिरा उठते."

मी खूण परत केली.